व्याह्याने धाडलेला ससा

'घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं' ही म्हण ज्याने केली तो नक्की शेतकरी असला पाहिजे. घोडे फुकट आले होते. पण दावणीला बांधल्या दिवसापासून त्याच्या तोंडाला रोज काही ना काही लागणार, आणि ते आपल्याच कणगीतून जाणार, हे त्याला पक्के ठाऊक होते. गेल्या काही वर्षांत कोरडवाहू गावांत 'जोडधंदा' म्हणून जी जनावरे आणि पाखरे आली, त्यांतली बरीचशी या घोड्याच्याच जातीची निघाली. २०१२ साली तामिळनाडूत इमूच्या योजना कोसळल्या. चालक पसार झाले आणि उपाशी पक्ष्यांना खाऊ घालण्याची पाळी तिथल्या प्रशासनावर आली. २०१९ साली आपल्याकडे सांगली भागात कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेत शेतकऱ्यांचे पैसे अडकले. इमू खोटा नव्हता, कडकनाथही खोटा नव्हता. 'माल आम्हीच परत घेऊ' ही बोली खोटी होती. बोली मोडली तेव्हा मालक मोकळा झाला आणि तोंडे शेतकऱ्याच्या अंगणात राहिली.

आता जिल्हा बैठकांत सशांची चौकशी होऊ लागली आहे. सात माद्या, तीन नर, पिंजरे आणि पिल्ले परत घेण्याचा करार असे 'युनिट' घ्यावे का, असे कार्यकर्ते विचारतात. आमचे मत असे आहे की प्रश्नच उलट्या टोकाने विचारला जातो. पिल्लू कितीला जाईल हा दुसरा प्रश्न. पिल्लू घडायला किती आणि काय खाणे लागते, ते खाणे आपल्या घरात आहे का, आणि नसेल तर कोणत्या भावाने आणायचे, हा पहिला. विकणारा पहिल्या प्रश्नावर बोलत नाही. 'ससा काय, गवत खातो' एवढे म्हणून तो पुढे सरकतो. सशाच्या धंद्याचा नफा किंवा तोटा विक्रीच्या दिवशी ठरत नाही. मादी पिल्लांना पाजत असते त्या तीस दिवसांत तो ठरून जातो. या अंकाचे संपादकीय त्या तीस दिवसांसाठी आहे.

रानातला ससा तो हा नव्हे

आधी एक गैरसमज काढून टाकू. तुरीच्या ओळीतून उडी मारून पळतो तो आपला रानससा वेगळा. त्याची पिल्ले अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. कुणी न सांगता ती रानातल्या चाऱ्यावर वाढतात. त्याला धरणे, मारणे, पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पिंजऱ्यात पाळतात तो ससा मूळचा युरोपातला, बिळात राहणारा. सोव्हिएत चिंचिला, व्हाइट जायंट, ग्रे जायंट, न्यूझीलंड व्हाइट या त्याच्या मांसासाठी वाढवलेल्या जाती. राजस्थानात अविकानगर येथे मेंढी व लोकर संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, तिथे आणि कोडाईकनालच्या डोंगरातल्या मन्नवनूर येथे असलेल्या तिच्या केंद्रावर त्यांचे काम होते. या सशाची पिल्ले आंधळी, उघडीनागडी आणि जेमतेम ५० ते ६० ग्रॅमची जन्मतात. पिंजऱ्यात कोंडलेली आई स्वतः धुंडून काही खाऊ शकत नाही. तिच्या पुढ्यात आपण जे टाकू तेच तिचे रान. रानससा दुष्काळात तगतो म्हणून हाही तगेल, हे मनातून काढून टाकावे.

दुसरी गोष्ट पोटाची. गाय-म्हैस चारा आधी पोटात आंबवते, रवंथ करते आणि मग पचवते. म्हणून ती कडब्यावरही तग धरते. सशाचे आंबवण्याचे पोट मागे आहे, लहान आतडे संपल्यानंतर. त्याला पुस्तकात अंधांत्र म्हणतात. तिथे तयार झालेला माल वाया जाऊ नये म्हणून ससा मऊ लेंड्या थेट गुदद्वाराला तोंड लावून परत खातो. बहुधा सकाळच्या शांत वेळी हे चालते. नवखा माणूस घाबरून औषध शोधू लागतो. तो आजार नाही, ती त्याची रवंथ आहे. पण एवढे करूनही चाऱ्यातला चोथा सशाला फारच थोडा पचतो. चोथा त्याला लागतो तो आतडे चालते ठेवायला. अंगावर मांस आणि आचळात दूध चढते ते प्रथिनांनी आणि पिष्टाने. ज्वारीच्या कडब्यात प्रथिने चार टक्क्यांच्या आसपास. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९७७ साली सशांच्या आहाराची मोजमापे प्रसिद्ध केली, ती आजही पायाभूत मानली जातात. त्यांप्रमाणे रिकाम्या सशाला १२ टक्के, गाभण मादीला १५, वाढत्या पिल्लाला १६ आणि पाजत्या मादीला १७ टक्के प्रथिने हवीत. कडबा आणि पाजती मादी यांचे जमणे कठीण, ते इथेच कळते.

हिरवे वजन आणि कोरडे वजन

'एक ससा दिवसाला चारशे ग्रॅम गवत खातो' असे माहितीपत्रकात छापलेले असते. आकडा खोटा नसेल, पण अर्धवट आहे. हिरव्या लसूणघासात पाचातले चार भाग पाणी असते. चारशे ग्रॅम हिरवे म्हणजे ऐंशी ग्रॅम कोरडे. चार किलोच्या रिकाम्या मादीला केवळ जगायला रोज सुमारे १२० ग्रॅम कोरडे अन्न लागते. म्हणजे पत्रकातल्या चारशे ग्रॅमवर ती रिकामी असतानाही उपाशीच. आपण कपाशीचे वजन करताना ओलावा बघतो, व्यापारी तर बघतोच बघतो. चाऱ्याचा हिशेबही कोरड्या वजनातच केला पाहिजे. या लेखात पुढे जेथे ग्रॅम आणि किलो येतील ते कोरडे वजन समजावे.

गाभणपणाचे दिवस ३० ते ३२. पहिले वीस दिवस मादीचे खाणे वाढवू नये, १२० ग्रॅमच ठेवावे. हौसेने चारून लठ्ठ केलेली मादी कमी पिल्ले देते, विताना अडते, आणि शेवटच्या आठवड्यात खाणे टाकून दगावूही शकते. गर्भाची खरी वाढ शेवटच्या दहा दिवसांत होते. तेव्हा खुराक हळूहळू १५० ग्रॅमच्या वर न्यावा. विण्याआधी दोन-तीन दिवस ती पोटाचे केस उपटून खोक्यात घरटे करते आणि खाणे कमी करते. तेव्हा जबरदस्ती करू नये, हिरवा पाला आणि पाणी पुढे ठेवावे. पाण्याचे भांडे त्या रात्री रिकामे राहता कामा नये. आई पिल्ले खाते अशी तक्रार येते. तिच्यामागे बहुतेक वेळा तहान, उपासमार किंवा पिंजऱ्याभोवतीची धांदल यांपैकी काहीतरी निघते.

पाजणीचे तीस दिवस

मादी चोवीस तासांत बहुधा एकदाच, तीन ते पाच मिनिटे पाजते. बघणाऱ्याला वाटते, ही पिल्लांकडे लक्षच देत नाही. पण त्या दुधाचा कस पाहा. गाईच्या दुधात स्निग्धांश चार टक्क्यांच्या आसपास आणि प्रथिने साडेतीनच्या आत. सशाच्या मादीच्या दुधात दोन्ही १० ते १३ टक्क्यांच्या घरात. असे दूध चांगली मादी तिसऱ्या आठवड्यात दिवसाला २०० ग्रॅमच्या वर देते. चार किलोच्या जनावराने २०० ग्रॅम दूध देणे म्हणजे चारशे किलोच्या म्हशीने वीस लिटर देणे, तेही म्हशीच्या दुधाहून कितीतरी दाट. वीस लिटरच्या म्हशीला आपण धुऱ्यावरचे गवत टाकून गप्प बसतो का? ढेप कुठून आणायची याची चिंता गाभणपणीच सुरू होते. सशाची मादी ओरडत नाही, दावे तोडत नाही. ती आपल्या अंगचे मांस दुधात ओतते, आणि पुढच्या वेळी गाभण राहत नाही. आपण म्हणतो, मादी खराब निघाली.

पाजत्या मादीचा खुराक व्याल्यानंतर पाच-सहा दिवसांत चढवत न्यावा. पहिल्या आठवड्याअखेर २०० ग्रॅम, तिसऱ्या आठवड्यात ३०० ते ३५०. अठराव्या-विसाव्या दिवसापासून पिल्ले खोक्याबाहेर येऊन आईच्या भांड्यात तोंड घालतात, त्यांचे खाणे त्यात वाढते. तीस दिवसांची सरासरी २५० ग्रॅम धरावी. म्हणजे रिकाम्या मादीच्या दुप्पट, आणि चढत्या दिवसांत जवळजवळ तिप्पट. हे सारे हिरव्यातून द्यायचे म्हटले तर रोज दीड किलो लसूणघास लागेल, आणि तेवढे पाणी तिच्या पोटात मावत नाही. म्हणून निदान निम्मे अन्न कोरड्या खुराकाचे असावेच लागते. पाणी खाण्याच्या दुपटीने, पिल्ले पिऊ लागली आणि ऊन वाढले की एका पिंजऱ्याला दिवसाला लिटरभर आणि त्याहूनही जास्त. दिवसातून दोनदा वाटी भरण्याने हे भागत नाही. ससा रात्री खाणारा प्राणी, तेव्हा खुराकाचा मोठा वाटा संध्याकाळी टाकावा.

मादी पुरेशी खाते की नाही हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही, किराणा दुकानाचा तराजू पुरे. एकविसाव्या दिवशी सगळी पिल्ले टोपलीत घालून वजन करावे. तोवर ती जवळजवळ आईच्या दुधावरच असतात, म्हणून हे वजन म्हणजे दुधाचेच माप. साधारण दोन ग्रॅम दुधाला एक ग्रॅम वाढ बसते. पिल्लामागे ३०० ग्रॅम भरले तर मादी उत्तम पाजते आहे. २५० च्या खाली आले तर तीन गोष्टी तपासाव्यात: खुराक कमी आहे का, पाणी कमी पडते का, की एका मादीच्या अंगावर आठ-नऊ पिल्ले आहेत. दोन माद्या एकाच दिवशी विण्याची व्यवस्था ठेवली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत एकीची जास्तीची पिल्ले दुसरीखाली लावता येतात.

आईपासून तोडल्यानंतर

तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी पिल्लू तोडायचे. तेव्हा ते अर्ध्या किलोच्या आसपास असावे. इथपासून आठव्या आठवड्यापर्यंतचा काळ सर्वांत नाजूक. दूध सुटलेले, आतड्यातले जिवाणू अजून नीट बसलेले नाहीत, आणि आपण कौतुकाने मका-ज्वारीचा भरडा समोर ओततो. जास्तीचे पिष्ट न पचता मागच्या पोटात जाते, तिथे आंबते, पोट फुगते, पातळ जुलाब लागतात आणि दोन दिवसांत टोपलीच्या टोपली साफ होते. याचा इलाज औषधाच्या बाटलीत कमी आणि चोथ्यात जास्त आहे. वाढत्या पिल्लाच्या आहारात चोथा निदान १० ते १२ टक्के हवा, आणि त्याखेरीज वाळलेला लांब चारा तोंडापुढे सतत असावा. पिल्लू तोडल्यावर दहा दिवस आईचाच खुराक चालू ठेवावा. नवे खाद्य द्यायचे तर आठ-दहा दिवसांत थोडे थोडे मिसळून बदलावे. पावसाने ओला झालेला, ढिगात तापलेला किंवा कालचा आंबलेला चारा पिल्लांना टाकू नये. शक्य असेल तर पिल्लांना जुन्याच पिंजऱ्यात ठेवून आईला हलवावे, म्हणजे एकाच दिवशी दोन धक्के बसत नाहीत.

आपल्या घरातले काय चालते, काय नाही

कापूस-ज्वारी पिकवणाऱ्या घरात पहिला हात जातो सरकीच्या ढेपेकडे. म्हशीला ती उत्तम. पण सरकीत गॉसिपॉल नावाचे विष असते. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या पोटात ते बऱ्याच अंशी बांधले जाते, सशाला ती सोय नाही. विशेषतः पैदाशीच्या नर-माद्यांना सरकी आणि सरकी ढेप देऊ नये. आपल्या गावात मुबलक असलेली ढेप नेमकी या धंद्यात निकामी, हे विकणारा सांगत नाही.

ज्वारीचे दाणे चालतात, मक्याच्या जागी चांगले चालतात. पण कापणीनंतर खुंटाला फुटलेली किंवा पाण्याच्या ताणात खुरटलेली कोवळी ज्वारी म्हणजे किरळ. तिच्यातल्या सायनाइडच्या विषाने बैल कोसळतात हे आपल्याला शिकवायला नको. सशाला तर तिच्या जवळही नेऊ नये. काढणीच्या वेळी पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी बाजारात मातीमोल जाते, म्हणून ती सशांना घालण्याचा मोह होतो. बुरशीची विषे पचवण्यात ससा फार कच्चा आहे. तोच धोका ओल लागलेल्या भुईमुगाच्या ढेपेत. पैदाशीच्या मादीपुढे बुरशीचा एक दाणाही नको.

धुऱ्यावरचे गवत फुकट असते, पण फवारणीच्या दिवसांत कपाशीच्या धुऱ्यावरचे गवत विषाने माखलेले असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. धडधाकट माणसाला जे सोसले नाही ते पन्नास ग्रॅमच्या पिल्लाला आईच्या दुधातून कसे सोसेल? जुलै ते ऑक्टोबर धुऱ्याचा चारा सशासाठी बंद समजावा. सुबाभळीत मायमोसिन असते, त्याने केस गळतात आणि पैदास बिघडते. गाभण-पाजत्या मादीला सुबाभूळ नको. कच्चे सोयाबीनही नको, सोयाबीनची ढेप चालते, कारण ती तेल काढताना तापलेली असते.

मग चालते काय? हिरव्यात लसूणघास, शेवरी, दशरथ घास. वाळलेल्यात भुईमुगाचा पाला, हरभऱ्याचे आणि तुरीचे स्वच्छ कुटार. आणि घरचा खुराक असा जमतो: शंभर किलोत ज्वारीचा भरडा ३० किलो, गव्हाचा कोंडा ३०, तुरीची चुनी १५, सोयाबीन ढेप १३, बारीक केलेले हरभऱ्याचे किंवा तुरीचे कुटार १०, खनिज मिश्रण दीड किलो आणि मीठ अर्धा किलो. यात प्रथिने सुमारे १६ टक्के आणि चोथा १० टक्क्यांच्या आसपास बसतो. पाजत्या मादीला सोबत लसूणघास दिला की १७ टक्क्यांची गरज भागते. पीठ मात्र नको, त्याने ससे शिंकतात आणि भांड्यात नासाडी करतात. भरड ठेवून, पाण्याचा हलका हबका मारून द्यावे आणि उरलेले दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नये.

पाचाचा पाढा

आता सात माद्या-तीन नरांचा वर्षाचा हिशेब मांडू. प्रत्येक मादीची चार वेते आणि प्रत्येक वेतातून विक्रीपर्यंत पाच पिल्ले पोचली, असे उदारपणे धरू. मादीचे पाजणीचे दिवस १२०, रोज २५० ग्रॅमने ३० किलो. उरलेले २४५ दिवस १२० ग्रॅमने साधारण २९ किलो, शिवाय गाभणपणाचा थोडा जास्त. मादीमागे ६० किलो धरा, सातांचे ४२० किलो. तीन नर, प्रत्येकी ४४ किलो, म्हणजे १३२. पिल्लू अर्ध्या किलोवर तोडले आणि तिसरा महिना भरता भरता दोन किलोचे करून विकले, तर दीड किलो वाढ. चांगल्या समतोल खाद्यावर किलोभर वाढीला साडेतीन-चार किलो अन्न जाते. चार धरले तर पिल्लामागे सहा किलो, १४० पिल्लांचे ८४० किलो. एकूण १३९२ किलो, म्हणजे चौदा क्विंटल. विकायला २८० किलो जिवंत वजन. चौदा क्विंटल भागिले २८० किलो, उत्तर पाच.

हा पाचाचा पाढा प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा. विकलेल्या सशाच्या एका किलोमागे पाच किलो कोरडे अन्न. आपल्या गावात एक किलो अन्न ज्या भावाने पडेल त्याला पाचाने गुणा. पिंजरा, पाणी, औषध, मरतूक आणि घरच्या बाईची मजुरी धरण्याआधीचा हा निव्वळ चाऱ्याचा खर्च. एका कोरड्या किलोसाठी पाच किलो लसूणघास कापावा लागतो, त्याचा भाव धरताना घरचा म्हणून शून्य धरू नये. ते रान, ते पाणी, ते श्रम दुसरीकडे लागले असते. शेतमालाचा उत्पादनखर्च काढताना घरची मजुरी धरा म्हणून आपण सरकारशी भांडतो. तीच मजुरी सशाच्या हिशेबात आपणच सोडून दिली तर दाद कुणाकडे मागणार?

चार वेतांचा आकडा उदार आहे असे म्हटले, त्याचे कारण आपला उन्हाळा. पारा तिशीच्या वर गेला की ससा अस्वस्थ होतो, पस्तिशीच्या वर खाणे सोडतो, आणि नर कित्येक आठवडे निकामी होतात. विदर्भ-मराठवाड्यात मे महिना बेचाळीस-पंचेचाळीस दाखवतो. पाजणी कडक उन्हाळ्यात येऊ नये, तर फेब्रुवारीच्या मध्यानंतर नर दाखवता येत नाही. पाऊस पडल्यावर नर पुन्हा कामाचे व्हायला ऑगस्ट उजाडतो. या मोसमात चार वेते म्हणजे सारे काही सुरळीत गेले तर, तीन म्हणजे नेहमीचे. तीन धरली की पाचाचे साडेपाच होतात, आणि पिल्ले तोडल्यावर चार दिवस हगवण लागली की सहाच्या पुढे जातात. वर्षाला सात-आठ वेते सांगणारा विक्रेता व्याल्याबरोबर मादीला पुन्हा नर दाखवायचा हिशेब करीत असतो. मादी गाभण राहतेही, पण पाजता पाजता पोटातली पोसण्याइतका खुराक तिला मिळाला नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या वेतात ती संपते. मग नवी मादी घ्यायची, ती पुन्हा त्याच्याचकडून!

चौदा क्विंटलांतले निम्मे हिरव्यातून द्यायचे तर पस्तीस क्विंटल हिरवा चारा लागतो. पाणी मिळाले तर लसूणघास गुंठ्याला वर्षाकाठी आठ-दहा क्विंटल देतो, म्हणजे चार गुंठे बारमाही भिजते रान. ज्याच्या विहिरीला मार्चनंतर पाणी राहते त्याने विचार करावा. ज्याच्याकडे पिण्याचे पाणी टँकरने येते, त्याने या वाटेला जाऊ नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. आणि चारा कापायला, पिंजरे झाडायला, रात्री पाणी बघायला कोण जाणार? करारावर सही नवऱ्याची असते आणि वेचणीच्या दिवसांत कापूस वेचून आलेली बाई सशांचा भारा कापते. तिला विचारल्याशिवाय केलेला करार घरातच नामंजूर समजावा.

बोलीआधी एक वेत

आम्ही सशाच्या विरोधात नाही. पाण्याची सोय, हातचा चारा आणि जवळ मांसाचा खरा बाजार असलेल्या कुणा शेतकऱ्याला तो उपयोगी पडेल. पण कुणाच्याही युनिटला विसार देण्याआधी एवढे करावे. दोन माद्या आणि एक नर, सुट्या, रोख घ्याव्यात, करार न करता. पावसाळा सरता सरता एका वेताचा पूर्ण हिशेब वहीत लिहावा: रोज किती खुराक टाकला, किती हिरवे, ते कोणत्या भावाचे, विण्याच्या दिवशी पिल्ले किती, एकविसाव्या दिवशी वजन किती, तोडताना किती उरली, बाराव्या आठवड्यात किती किलो भरली. मग ती पिल्ले आपल्याच तालुक्याच्या बाजारात विकून पाहावीत. जो माल करारवाल्याशिवाय दुसरा कुणी घेत नाही, त्याला बाजार नाही. करारवाल्याच्या मर्जीला बाजार म्हणत नाहीत.

आणि विकणारा गावात आला तर त्याला चार प्रश्न सभेत, सगळ्यांसमोर विचारावेत. पाजत्या मादीला तिसऱ्या आठवड्यात कोरड्या वजनात किती ग्रॅम लागते? मे महिन्यात वेते कशी घेणार? तुम्ही गोळी खाद्य पुरवणार, तर त्याचा भाव करारात पक्का लिहून देणार का? आणि गेल्या वर्षी तुम्ही विकलेल्या माद्यांची यंदाची पिल्ले कुणी खाल्ली, की ती नव्या शेतकऱ्यांना माद्या म्हणूनच विकली? चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्या धंद्यात माल शेवटी कुणाच्या ताटात जात नाही, फक्त पुढच्या गड्याच्या अंगणात जातो, तो धंदा पुढचा गडी मिळेपर्यंतच चालतो.

ज्यांनी आधीच ससे घेतले आहेत त्यांनी पुढच्या जिल्हा बैठकीला आपल्या वह्या घेऊन यावे. कुणाचा पाचाचा पाढा किती भरला ते आपण एकत्र बसून मांडू. चार बरणीत का होईना, खुराकाचे नमुने आणावेत, बुरशी कुणाच्या डोळ्याला दिसते, कुणाच्या नाही. दहा घरांच्या वह्या एका सतरंजीवर आल्या की माहितीपत्रकाची गरज उरणार नाही.